दहावीनंतर ‘वीज आणि विमान उद्योगाशी जोडलेल्या’ तंत्रनिकेतनात प्रवेश घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की मुलगा मराठी माध्यमातून 68 टक्क्यांनी दहावी झाला, गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळ, आणि एक खासगी तंत्रनिकेतन सांगतंय की आमचा डिप्लोमा वीज व विमान दोन्ही उद्योगांशी जोडलेला आहे. फी भरावी का?

वर्कशॉप आतून पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. आणि त्याआधी या दोन वाटा डोक्यात वेगळ्या करून घ्या. माहितीपत्रकात त्या एकत्र बांधल्या की विमानाच्या बाजूची गाठ बहुतेक वेळा सैल निघते.

विमानाची देखभाल झाल्यावर ते उड्डाणाला सोडायला परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. हा परवाना डीजीसीए (केंद्राची विमान वाहतूक नियामक संस्था) देतं, कॉलेज नाही, आणि नुसत्या डिप्लोम्यावर तो मिळत नाही. त्यासाठी सहसा लागतो सीएआर-147 (प्रशिक्षण संस्थांसाठीचा डीजीसीएचा नियम) ची मान्यता असलेल्या संस्थेत बी1.1 (टर्बाइन इंजिनाची विमानं) किंवा बी2 (एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) हा 2400 तासांचा कोर्स, वर प्रत्यक्ष विमानावरचा अनुभव. साधारण वाट बारावी विज्ञानाची, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेऊन. प्रत्येक पेपरला 75 टक्के मिळाले तरच पास, आणि पेपर इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलानं अकरावीपासूनच तांत्रिक इंग्रजी वाचायची सवय लावली नाही तर इथंच अडकतो. कॉलेजला थेट विचारा: सीएआर-147 ची मान्यता आहे का, कोणत्या कॅटेगरीची, मुदत कधीपर्यंत? मग डीजीसीएच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः ताडून बघा.

विमानाचे भाग बनवणं हे मात्र वेगळं काम आहे. तिथल्या कामगाराला हा परवाना लागत नाही, हातात सफाई लागते. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात दसॉ-रिलायन्सचा कारखाना फाल्कन विमानांचे भाग बनवतो. ‘एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर’ हा दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड दहावीवर करता येतो आणि नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये तो आहे. तुमच्या मुलाला विमानाचीच ओढ असेल तर मी खासगी डिप्लोम्याच्या आधी याची चौकशी करीन.

वर्कशॉपमध्ये गेलात की दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दोन पत्रे रिव्हेटनं (ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्यानं) जोडून दाखवायला सांगा. 3.2 मिमीच्या रिव्हेटला भोक साधारण 3.3 मिमीचं हवं. ठोकण्याआधी रिव्हेट पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट, म्हणजे 4.8 मिमी उरला पाहिजे. ठोकल्यावर डोकं साधारण 4.8 मिमी रुंद, 1.6 मिमी उंच. भोकाचा मध्य पत्र्याच्या काठापासून किमान 6.4 मिमी आत, नाहीतर काठ फाटतो. ड्रिल तिरकं धरलं की भोक लंबगोल होतं आणि रिव्हेट आत वाकतो. भोकाच्या कडेची बर (ड्रिलनंतर उरलेली खरखरीत धातूची कड) काढली नाही तर पत्रे एकमेकांना चिकटून बसत नाहीत, आणि ठोकताना रिव्हेट त्या फटीतच फुगतो. वरून जोड चांगला दिसतो, ताकद नसते. पोरानं व्हर्निअर (बारीक मोजमापाचं साधन) न मागता काम संपवलं, तर तिथं काय शिकवतात ते तुम्हाला समजलं.

विजेची बाजू तुमच्या भागात भक्कम आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं, शिवाय कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा ही वीज केंद्रं. इथं इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि फिटर हेच ट्रेड कामाला येतात. यातही तपासायला सोपी गोष्ट म्हणजे मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र. कोल मिलची (कोळसा दळणाऱ्या यंत्राची) 6.6 केव्हीची मोटर पावसाळ्यात काही दिवस बंद राहिली की वाइंडिंग (आतली तारांची गुंडाळी) ओलावा धरतं. चालू करण्याआधी परमिट घ्यायचं, सप्लाय तोडून कुलूप-टॅग लावायचा, केबल सुटी करायची, 2500 व्होल्टच्या मेगरनं एक मिनिटाचं आणि दहा मिनिटांचं रीडिंग घ्यायचं. जुना किमान नियम केव्ही अधिक एक, म्हणजे 7.6 मेगाओहम. नव्या वाइंडिंगला 100 मेगाओहमच्या वर हवं. दहा मिनिटांचं रीडिंग एका मिनिटाच्या दुपटीपेक्षा कमी आलं तर ओल किंवा घाण समजायची आणि हीटर लावून मोटर वाळवायची. टेस्टनंतर वाइंडिंग अर्थ करून डिस्चार्ज करायचं. हे विसरलं की पुढच्या माणसाला झटका बसतो. मास्तरांना हा क्रम विचारा. डिस्चार्जची पायरी न विचारता सांगणारा मास्तर चांगला.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’च्या फलकाकडे बघू नका. गेल्या वर्षीच्या मुलांचे नोंदणी क्रमांकासह अप्रेंटिस करार दाखवा म्हणा, नुसती कंपन्यांची नावं नकोत. ‘औद्योगिक भेट’ म्हणजे एका दिवसाची बससहल, ती यात धरू नका.

वीज निवडली तर सरकारी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक (दोन वर्षं), मग वीज केंद्रात अप्रेंटिसशिप, आणि त्यानंतर डिप्लोम्याच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट खर्चानं हलकी आहे. विमान देखभालच हवी असेल तर आत्ता कुठलाही डिप्लोमा न घेता अकरावी विज्ञानाला टाका. कॉलेजनं मूळ टीसी आणि गुणपत्रिका ‘जागा राखायला’ मागितली तर देऊ नका, झेरॉक्स द्या.