प्रॉडक्ट आलंच नाही, कंपनी मात्र बंद

पुण्यात समुपदेशन करताना गेली काही वर्षं एक प्रश्न माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. कधी तिशीतला तरुण विचारतो, कधी त्याची बायको, कधी वडील. "चांगली नोकरी सोडली, रात्रंदिवस राबलो, आणि सॉफ्टवेअर बाजारात यायच्या आधीच कंपनी बंद पडली. असं कसं झालं? आता लोकांना तोंड कसं दाखवू?"

दुसरा प्रश्न जास्त जड वाटतो. पण पहिल्याचं प्रामाणिक उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून एका तरुणाची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

हिंजवडीतली नोकरी सोडून त्यानं कॉलेजमधल्या मित्राबरोबर कंपनी काढली होती. भाजीपाल्याच्या अडत्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं होतं. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर विकला गेला की वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं असा सगळा हिशेब करून त्याला पट्टी द्यावी लागते. ती हातानं लिहिण्याऐवजी थेट त्याच्या मोबाईलवर जावी, एवढीच मूळ कल्पना. पुढे त्यात भावाचा अंदाज आला, शेतकऱ्याला उचल देण्याची सोय आली, तीन भाषा आल्या, शेजारच्या राज्यांतले बाजार आले. गुंतवणूकदारानं पुढचा हप्ता थांबवला तेव्हा वडिलांच्या फंडातले पैसेही संपत आले होते.

"पैसे संपले, मॅडम. बाकी काही नाही," तो पहिल्याच भेटीत म्हणाला.

हे मला सगळेच सांगतात आणि ते खोटं नसतं. पण पैसे कशात संपले, हे विचारावं लागतं. यांचे बरेचसे संपले आधी लिहिलेलं मोडून पुन्हा लिहिण्यात. गंमत म्हणजे इंटरनेट ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीची गोष्ट त्याला तोंडपाठ होती. तिथल्या लोकांनी 1998 मध्ये ब्राउझर मुळापासून नव्यानं लिहायला घेतला, 5.0 ही आवृत्ती कधी आलीच नाही, आणि 6.0 यायला नोव्हेंबर 2000 उजाडला. तोवर मायक्रोसॉफ्ट कुठच्या कुठे गेली होती. हे सगळं त्यानं मला समजावून सांगितलं. म्हणजे माहिती कमी पडली नव्हती. माहिती असूनही माणूस तेच करतो, तेव्हा मी त्याच्या भीतीकडे बघते.

पुढच्या एका भेटीत मी विचारलं, "तुमचं सॉफ्टवेअर कुणी कधी मागितलं होतं?"

"एक अडते काका होते. ते म्हणायचे, मला अंदाज-बिंदाज नको, पट्टी शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेली तरी बास."

"तेवढं तयार होतं?"

"चौथ्या महिन्यातच."

"मग दिलं का नाही?"

मग कारणं सुरू झाली. डिझाइन कच्चं होतं, रेंज गेली की अडकायचं, मित्राला पटत नव्हतं. मी प्रत्येक वेळी फक्त "आणि?" म्हणत राहिले. शेवटी कारणं संपली. तो बराच वेळ गप्प बसला आणि हळूच म्हणाला, "त्यांनी चार दिवस वापरून परत वही काढली असती तर? दिलं नव्हतं, तोवर आम्ही हुशार होतो, मॅडम."

असे क्षण ओढून आणता येत नाहीत. त्यांच्यापर्यंतची वाट मात्र तयार करावी लागते, आणि ती करता येणं हे मी माझ्या कामाचं खरं समाधान मानते. त्या एका वाक्यात त्यांच्या कंपनीचा सगळा ताळेबंद होता. प्रॉडक्टचा निकाल म्हणजे आपला निकाल, असं दोघांनीही मनात धरलं होतं. त्यामुळे निकाल लांबवण्यासाठी दर महिन्याला एक नवं फीचर निघत होतं. बाहेरून ती महत्त्वाकांक्षा दिसायची. गुंतवणूकदारालाही तशीच दिसली.

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची. 1955 मध्ये उपचाराची ही पद्धत मांडणारे एलिस तरुणपणी फार लाजाळू होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात शंभर अनोळखी मुलींशी स्वतःहून बोलायचं ठरवलं. एकच भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. नकार पचवायचा तर तो आधी ऐकावा लागतो.

मी त्याला तेच सांगितलं. विकायचं काही नाही, फक्त तो जुना, चौथ्या महिन्यातला भाग चार गाळ्यांवर दाखवून यायचं. तो भल्या पहाटे मार्केट यार्डात गेला. दोघांनी बघायलाच नकार दिला. एकानं चष्मा कपाळावर सरकवून मोबाईल नाकाशी धरला आणि "आकडे बारीक आहेत, किलोशेजारी क्रेट पण पाहिजेत" म्हणाला. काकांनी तोवर दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. येऊन तो मला म्हणाला, "मला कुणी काही बोललंच नाही. जे बोलले ते आकड्यांबद्दल बोलले."

यानंतर वेगळं काम सुरू झालं आणि ते बहुतेकांचं राहून जातं. दाराला कुलूप लावलं तरी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कागदावर चालूच असते. कंपनी निबंधकाकडे द्यायचे दोन वार्षिक फॉर्म भरले नाहीत तर प्रत्येकी रोज 100 रुपये जादा शुल्क चढतं, आणि सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. कंपनी रीतसर बंद करायची तर देणी फेडून, थकलेले फॉर्म भरून एसटीके-2 हा अर्ज करावा लागतो. त्याचं शुल्क 10,000 रुपये. या सरकारी कागदांची पाकिटं न उघडण्यामागेही तीच निकालाची भीती असते. सीएकडे एकट्यानं जाववत नसेल तर कुणाला तरी बरोबर घ्या, पण जा.

घरच्यांनी "आम्ही आधीच सांगत होतो" हे वाक्य गिळावं. पैशांचा हिशेब जरूर मागा, तो मागणं गैर नाही. या मुलानं वडिलांसमोर वही ठेवली तेव्हा वडिलांनी रक्कम पाहिली, परतफेडीचा हप्ता ठरवला आणि चहा मागवला. मुलाच्या लायकीची चर्चा त्या बैठकीत झाली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

नोकरीच्या मुलाखतीत काय सांगायचं, असंही हमखास विचारतात. खरं तेच सांगा: "वापरता येईल असा भाग चौथ्या महिन्यात तयार होता, आम्ही तो गिऱ्हाइकाला दिला नाही." त्यानं हेच सांगितलं आणि त्याला नोकरी मिळाली. मित्राशी बोलणं अजून पूर्ववत झालेलं नाही. त्याला वेळ लागेल.

ज्यांची कंपनी अजून चालू आहे, त्यांनी आपल्याकडे काहीतरी मागणारा एखादा माणूस आठवावा. त्यानं मागितलेलं तेवढंच त्याला याच आठवड्यात द्यावं. तो वापरत असताना शेजारी बसावं, आणि तो अडखळला तरी मधे बोलू नये.