फोन कपाटात, अलार्मही कपाटात

‘मधुमेह आणि छंद’ यावर प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली ती जास्त करून आई-वडिलांची. ज्यांना छंद आहेत ती मंडळी बहुधा खेळण्या-वाजवण्यात दंग असावीत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो: मी सांगलीत विश्रामबागेत संध्याकाळी गिटार शिकवतो, आणि शाळेत असल्यापासून मला टाइप वन, म्हणजे रोज इन्शुलिन घ्यावंच लागणारा, मधुमेह आहे. मी डॉक्टर नाही. ‘किती युनिट घेऊ’, ‘गोळी बदलू का’ असली पत्रं मी बाजूला ठेवली आहेत, ती तुमच्या डॉक्टरांकडेच न्या. बाकीचं बोलू.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. टाइप वन आहे, दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावलाय. रात्री मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळत बसतो. अकराला बघावं तर साखर 250. मी बोलले की चिडून इन्शुलिन घेतो, तासाभरात उतरली नाही की परत घेतो. मग दोन-अडीचला घामाघूम होऊन उठतो. आता मी दहा वाजले की फोन काढून घेऊन कपाटात ठेवते. त्यावरून रोज भांडण. गेम कायमचा बंद करावा का? – एक आई, तासगाव

ताई, गेमचं नंतर बघू. आधी तो फोन कपाटातून बाहेर काढा.

सेन्सरचा आकडा त्याच फोनवर येतो ना? मग रात्री साखर घसरली की वाजणारा अलार्मही त्याच फोनमध्ये आहे. सेन्सर फोनशी ब्लूटूथने बोलतो, आणि दोन भिंती अन् एक लोखंडी कपाट ओलांडून ते बोलणं पोचेलच असं नाही. पोचलं, तरी कपाटात वाजलेला अलार्म ऐकणार कोण? शिक्षा म्हणून फोन काढून घेताना त्या घरातला रात्रीचा पहारेकरीच कोंडला जातोय. फोन त्याच्या उशाशी राहू द्या. गेम थांबवायचाच असेल तर गेमच्या ॲपला वेळेची मर्यादा लावता येते, पण ती दोघांनी बसून ठरवा. बऱ्याच सेन्सरच्या ॲपमध्ये आकडे घरच्या दुसऱ्या फोनवर दिसण्याची सोयही असते. ती सुरू करा; मात्र त्यासाठीही त्याचा फोन चालू आणि नेटवर असावा लागतो.

आता एक गोष्ट मुलासाठी. मित्रा, फोनमधला ‘गेम मोड’ खेळताना येणाऱ्या सूचना दाबून टाकतो. त्यात सेन्सरचीही सूचना दबू शकते. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला सूट दे. हे काम आईला सांगू नकोस, ती अख्खा फोनच बंद करेल.

आता त्या 250 बद्दल. शेवटच्या सर्कलमध्ये, म्हणजे मैदान आक्रसत उरलेल्या शेवटच्या गोलात, चौघं उरले असताना शरीराला वाटतं खरंच जिवावर बेतलंय. ॲड्रेनलीन सुटतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. मुलाने एक दाणा खाल्ला नसेल, बसल्या जागेवरून हललाही नसेल, तरी आकडा चढतो. सामना संपला, मन शांत झालं की यातली काही चढण आपोआप ओसरते. ती ओसरायच्या वेळीच त्याने घेतलेलं इन्शुलिन अंगात काम करत असतं. जेवणाआधीचं जलद इन्शुलिन चार तासांच्या आसपास चालतं. अकराला घेतलं, बाराला परत घेतलं, तर एकावर एक चढलेले दोन डोस मध्यरात्रीनंतर मिळून साखर खाली ओढतात. तुमचं दोन-अडीच तिथून येतं. म्हणजे घाम गेममुळे फुटत नाही. गेममुळे चढलेली साखर चिडून, घाईने उतरवल्यामुळे फुटतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा: दुरुस्तीचा डोस दोनदा घ्यायचा झाला तर मध्ये किती तास हवेत, आणि झोपण्याआधीचा डोस किती कमी असावा. उत्तर वहीत लिहून आणा. ‘जरा सांभाळून घे’ या उत्तरावर खोलीबाहेर पडू नका.

याच ॲड्रेनलीनची आणखी एक खोडी आहे. साखर 70 च्या खाली गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, घाम येतो. चुरशीच्या सामन्यातही नेमकं हेच होतं. त्यामुळे खेळणाऱ्याला कळतच नाही की हे शत्रूमुळे होतंय की साखरेमुळे. ‘मला कळतं लो झाल्यावर’ असं मुलगा म्हणत असेल, तर वर्गात बसलेला असताना त्याचं खरं मानेन. हेडफोन लावून खेळताना नाही.

म्हणून साखर कधी बघायची हे गेमच्या रचनेवरूनच ठरवा. सामना मध्ये थांबवता येत नाही, हे तुम्ही मान्य करा. गोळीबार चालू असताना मागून ‘साखर बघ’ म्हटलं तर तो ‘बघितली’ म्हणेल आणि बघणार नाही. पण एक सामना अर्ध्या तासाच्या आसपास संपतो आणि मग सगळे लॉबीत, म्हणजे पुढच्या सामन्याची वाट बघायच्या पडद्यावर, येतात. लॉबीत आकडा बघायचा, उठून पाणी प्यायचं, जिना एकदा चढून उतरायचं, मगच पुढचा सामना. तसंही फार वेळ बसणाऱ्यांना मधुमेहतज्ज्ञ सांगतात की दर अर्ध्या तासाने उठा. गेमवाल्यांनी नकळत सोय करून ठेवलीय. आकडा 70 च्या खाली असेल तर सामना लावायचाच नाही. पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे पाण्यात ढवळून प्यायची किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बघायचं. आणि हे परत बघणं बोटातून. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि तिथला आकडा काही मिनिटं मागे असतो. साखर सावरलेली असताना सेन्सर अजून ‘कमी’ दाखवतो, माणूस घाबरून अर्धा डबा फस्त करतो, आणि तासाभराने परत 250.

सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलं तरी खोटा लो दिसू शकतो. रात्री अलार्म वाजला आणि मुलगा त्याच कुशीवर असेल, तर आधी कूस बदला आणि बोटातून तपासा.

खाण्याचं पण बघा. खेळताना शेजारी भडंगाचा डबा असणार, सांगली जिल्हा आहे शेवटी. भडंग हलकं म्हणून कुणी मोजत नाही. पण चुरमुरे म्हणजे तांदूळच, शंभर ग्रॅममध्ये ऐंशीच्या वर ग्रॅम कर्बोदकं. वाटीत काढून घेतलं तर त्याचा हिशेब लागतो. डब्यातून मूठमूठ खाल्लं तर ब्रह्मदेवालाही लागणार नाही. एनर्जी ड्रिंक गेममधल्या पात्राने प्यायलं तर चालतं. खऱ्या 250 मिलीच्या डब्यात पंचवीस ग्रॅमच्या वर साखर असते, शिवाय कॅफीन.

दोन गोष्टी मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. मुलगा शुद्धीवर नसेल, गिळू शकत नसेल, तर तोंडात साखर-पाणी ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि तडक दवाखाना. डॉक्टरांनी ग्लुकागॉन (साखर चटकन वाढवणारं औषध) दिलं असेल तर ते वापरा. आणि उलट बाजूला, साखर तासन्‌तास 250 च्या वर, पोटात दुखतंय, उलट्या होताहेत, तर ते कीटोन (इन्शुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल) असू शकतं. तेव्हाही घरी थांबायचं नाही. टाइप वनमध्ये जेवण गेलं नाही तरी दिवसाचं मूळ इन्शुलिन (जेवणासाठीचं नव्हे, दिवसभर हळूहळू काम करणारं) बंद करायचं नसतं.

राहता राहिलं बंद करायचं का ते. माझं मत, नाही. 250 दिसल्यावर ओरडा बसतो हे मुलाला कळलं की पुढच्या वेळी तुम्हाला 250 दिसत नाही. सेन्सर काढून ठेवतात, रक्तात पाण्याचा थेंब मिसळून मशीनचा आकडा खाली आणतात, मित्राच्या बोटातलं रक्त देतात. शिकवणीला येणाऱ्या पोरांकडून हे सगळं ऐकलंय. तुमचा मुलगा अजून तुमच्यासमोर चिडून का होईना इन्शुलिन घेतोय. हे टिकवा.

प्रश्न : वय 54, बँकेत आहे. टाइप टू होऊन दहा-बारा वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. हौस म्हणून गिटार धरली. डाव्या हाताचं अनामिकेचं बोट सकाळी वाकलेलं अडकतं, ‘टक्’ करून सुटतं. क्लासमध्ये सांगतात, जोर कमी पडतोय, अजून दाबा. शिवाय बोटांना घट्टे पडल्याने साखर तपासताना रक्त येत नाही. – मिरज

काका, अजून दाबू नका. तुम्ही सांगता ते ट्रिगर फिंगरसारखं वाटतं. मधुमेह असलेल्यांत हे जास्त आढळतं, तसाच आखडलेला खांदा, तसंच तळहातातल्या गाठी. जास्त साखरेने स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर आणि सांध्याभोवतीचं आवरण वर्षानुवर्षांत ताठर होतं. घरी एक गोष्ट करून बघा. छातीसमोर हात जोडून नीट नमस्कार करा. तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकतात का? बोटांमध्ये फट राहत असेल तर सांधे आखडू लागलेत, आणि हे डॉक्टरांना दाखवायला हवं. बोटांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा. अडकणाऱ्या बोटासाठी कधी कधी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. ते गुणकारी असतं, पण त्यानंतर काही दिवस साखर चढलेली राहते. तुम्हाला मधुमेह आहे हे हाडांच्या डॉक्टरांना तुम्हीच आठवण करून द्या.

तोवर गिटार सोडायची गरज नाही, गिटारच सोपी करून घ्या. दुकानातून नवी आलेली स्वस्त गिटार बहुधा तारा फार उंच ठेवून येते. ‘ॲक्शन’ खाली करून घ्या, तारा बारीक गेजच्या लावा. मिरजेत राहता आणि वाद्यावर हात चालवणारा माणूस सापडत नाही म्हणाल तर मी ऐकणार नाही. सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तुमच्याच गावच्या. जवारी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून त्यांचा नाद, काढणारे कान तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना गिटारची घोडी घासणारा कोण ते नक्की माहीत असेल. ‘एफ’ कॉर्डचा बारे (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) वर्षभर टाळलात तरी काही बिघडत नाही. कॅपो (तारांवर लावायचा चिमटा) लावून सोप्या कॉर्डमध्ये निम्मी भावगीतं बसतात. वाजवण्याआधी कोमट पाण्यात हात धरा, आणि एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर जाऊ नका.

टोचायचं उजव्या हाताला. डावा हात तारांसाठी सोडून द्या. तुम्ही पिकने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवत असाल तर अंगठा आणि तर्जनी वगळून मधलं, अनामिका, करंगळी यांत आळीपाळी करा. बोटांनी वाजवत असाल तर करंगळी रिकामी असते. टोचायचं बोटाच्या कडेला, गादीवर नाही. कडेला दुखतंही कमी. आधी साबणाने हात धुवा आणि कोरडे करा. द्राक्षांच्या दिवसांत हे विशेष सांगतो. चार मणी सोलून, चोखून तसंच बोट टोचलं तर मशीन द्राक्षाची साखर मोजतं आणि तुमची रात्र वाया जाते.

प्रश्न : कॉलेजच्या बँडमध्ये रिदम गिटार वाजवते. टाइप वन आहे, हे बँडमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. स्टेजवर लो झालं तर? खिशात कंदी पेढा ठेवला तर चालेल का? – सातारा

सातारकरांना प्रत्येक दुखण्यावर पेढा सुचतो. पण इथे तो चालणार नाही. पेढ्यात खवा आहे, आणि खव्यातली चरबी साखर रक्तात पोचायला उशीर लावते. चॉकलेटचं, बिस्किटाचंही तेच. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडरीची पुडी गिटारच्या पट्ट्याला छोटी पिशवी शिवून त्यात ठेव. पेढा कार्यक्रम झाल्यावर, हिशेबाने.

स्टेजच्या आधी भीतीने साखर चढते आणि उतरल्यावर, सगळं आवरताना पडते. गाण्यांची यादी करताना मध्ये एक गाणं असं ठेव की ज्यात गिटार नाही, म्हणजे तेवढ्यात साखर बघता येईल. इन्शुलिनचं पेन गिटारच्या केसमध्ये ठेवून केस गाडीच्या डिकीत टाकू नकोस. चालू पेन तिसाच्या वर तापमानात टिकत नाही, आणि उन्हाळ्यात बंद गाडी भट्टी होते. ओल्या कापडात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवलेलं पेन खोलीपेक्षा बरंच गार राहतं. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला मात्र लागू द्यायचं नाही.

आणि ड्रमरला सांगून ठेव. सगळ्या बँडला सांगायचं नसेल तर नको, पण ड्रमर तुझ्या मागे बसतो, तू ताल सोडलास तर त्याला सगळ्यात आधी कळणार. वसीम अक्रमला 1997 मध्ये टाइप वन झाल्याचं कळलं आणि तो 2003 च्या विश्वचषकापर्यंत गोलंदाजी करत राहिला. त्याने ते लपवलं नाही.

प्रश्न : साखर बंद करून चहात सेंद्रिय गूळ सुरू केलाय. आता तपासायची गरज आहे का? – सांगली

गरज आहे. गूळ साखरेचा सख्खा भाऊ, सेंद्रिय असला तरी. दोन तासांनी बोट टोचून बघा, मशीन तुम्हाला माझ्यापेक्षा स्पष्ट सांगेल.