बेक केलेले टॉर्टिया चिप्स कडेला करपतात आणि मधे चिवट राहतात, काय करावं?

तुमचा प्रश्न असा: साताऱ्यात राहता, घरी छोटा ओटीजी (रॉडवर तापणारा विजेचा ओव्हन) आहे, मेक्सिकोतल्या टॉर्टियासारखी मक्याच्या पिठाची पातळ पोळी लाटून तिचे चिप्स २०० अंशांवर भाजता. कडा काळ्या पडतात, मधला भाग चामट राहतो आणि जे दोन-चार बरे निघतात तेही दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडतात. तळायचे नाहीत, मैदा घालायचा नाही. मी सांगलीत घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेते. चिप्स वारंवार करावे लागतात, म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहिते.

चिप्स कुरकुरीत होतात ते आतलं पाणी गेल्यामुळे. रंग आला म्हणजे काम झालं असं नाही. पीठ शिजताना त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. मग ते पाणी जवळजवळ सगळं उडालं की गार झाल्यावर तो कडक आणि ठिसूळ होतो, दाताखाली कट्टकन मोडतो. थोडं जरी पाणी उरलं तर तोच स्टार्च चामड्यासारखा वातड लागतो. २०० अंशांवर कडेचं पाणी आधी संपतं आणि मग ती कड नुसती जळत बसते. मधला भाग तोपर्यंत अजून वाफाळतोच आहे. त्यात तुमची लाटी मधे जाड आणि कडेला पातळ असणार, हाताने लाटलेल्या सगळ्यांचीच असते. म्हणजे आच कमी, वेळ जास्त, आणि ओव्हनमध्ये जाण्याआधीच निम्मं पाणी काढून टाकायचं.

आपल्या भागाला हे नवीन नाही. जतकडची किंवा सोलापूरची कडक भाकरी बघा. ज्वारीची, अगदी पातळ, तव्यावर भाजून झाल्यावर मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत तिच्यातला ओलावा काढतात. तेलाचा थेंब नाही, तरी आठवडेच्या आठवडे कडक राहते. कारखान्यातले टॉर्टिया चिप्ससुद्धा कच्चे थेट तेलात जात नाहीत. आधी भट्टीत भाजतात, मग थोडा वेळ मोकळे ठेवून आतला-बाहेरचा ओलावा सारखा होऊ देतात आणि त्यानंतर तळतात. तळल्यावर चिप्सच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा तेलच असतं. आपण तळणार नाही, पण मधली ती विश्रांती आपल्याला हवीच आहे.

आता पीठ. दुकानात ‘कॉर्नफ्लोअर’ मागितलं की सूप दाट करायचं पांढरंशुभ्र पीठ देतात. तो नुसता स्टार्च, त्याचे चिप्स होत नाहीत. ‘मक्याचं पीठ’ म्हणून मागायचं, ते पिवळं आणि हाताला किंचित रवाळ लागतं. पण हे साधं दळलेलं पीठही मेक्सिकोतल्या टॉर्टियाचं पीठ नव्हे. तिथे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, साल चोळून धुतात आणि ओलाच वाटतात. त्या वाटलेल्या गोळ्याला मासा म्हणतात. चुन्याने मक्याची साल सुटते, पिठाला बांधून धरायची ताकद येते आणि टॉर्टियाला जो खास वास असतो तोही त्यातूनच येतो. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं. आपलं साधं मक्याचं पीठ गार पाण्यात मळलं तर पोळपाटावर फुटतं, त्याचं कारण हेच. त्यात गव्हासारखं पीठ बांधून धरणारं ग्लुटेन नाही आणि चुन्याचं कामही झालेलं नाही.

घरी मासा करता येतो. अर्धा किलो वाळका मका, दीड लिटर पाणी आणि पानाला लावतात त्या साध्या चुन्याचा एक सपाट चमचा. पातेलं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, चुना त्याला खातो. मंद आचेवर पाऊण तास शिजवा. एक दाणा बोटांत चोळून साल निसटली की गॅस बंद, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी पिवळंजर्द झालेलं असतं. ते फेकून मका चार पाण्यांनी चोळून धुवा आणि मिक्सरमध्ये थोडा थोडा, चमच्या-चमच्याने पाणी घालत वाटा. जरा भरड राहिलं तर चिप्सना उलट बरं. हे ओलं वाटण गिरणीत नेऊ नका, गिरणीवाला हाकलून देईल.

दोन गोष्टी मात्र गांभीर्याने घ्या. एक, कळीचा चुना आणि रंगकामाचा चुना स्वयंपाकात नाही म्हणजे नाही. कळीचा चुना पाण्यात पडला की स्वतःच उकळतो आणि भाजतं. दोन, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मका भरपूर पिकतो, पण बाजारात येणाऱ्यातला मोठा वाटा कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्याला जातो. त्यामुळे पोत्यात हात घालून बघून घ्या. बुरशी धरलेला, काळपट, कुबट वासाचा मका घेऊ नका, त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही. आणि शेतीच्या दुकानातला गुलाबी किंवा लालसर रंग चढवलेला मका हा बियाणाचा, त्याला औषध चोळलेलं असतं. तो कितीही धुतला तरी खायचा नाही.

खरं सांगू? रोजच्या करण्यासाठी मी मासाच्या भानगडीत पडत नाही. मक्याच्या पिठात निम्मं शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, पीठ घालते. ताज्या दळलेल्या शाळूला विरी, म्हणजे चिकटपणा, चांगली असते, ती मक्याला सांभाळून घेते. चव अस्सल मेक्सिकन राहत नाही हे मान्य, पण मला तरी ती जास्त आवडते. एक वाटी मक्याचं पीठ, एक वाटी शाळूचं, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे तेल आणि दीड वाटी पाणी. पाणी, मीठ, तेल उकळलं की गॅस बंद करून दोन्ही पिठं घाला, उलथन्याच्या दांड्याने हलवा, झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जा. मग परातीत काढून गरम असतानाच मळा. कोरडं वाटलं तर हात ओला करून मळायचं, पाणी ओतायचं नाही. मोदकाची उकड मळता येत असेल तर हे अजिबात अवघड नाही. गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा, उघडा राहिला की पाच मिनिटांत भेगा पडतात.

लाटण्यासाठी दुधाची पिशवी कापून, धुऊन, पुसून घ्या. दोन प्लास्टिकच्या मधे लिंबाएवढा गोळा ठेवून आधी ताटलीने दाबा, मग लाटणं फिरवा. जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास हवी. त्याहून पातळ झाली तर डिपमध्ये बुडवताना तुकडा आतच राहतो, जाड झाली तर तुमचा सध्याचा प्रश्न परत उभा. कडा पातळ आल्या तर वाटीने गोल कापून टाका, ते काप परत गोळ्यात जातात. या एवढ्यानेच निम्मं करपणं थांबेल.

मग तवा. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण मिनिट, डाग पडू द्यायचे नाहीत. फुगायला लागली तर उलथन्याने दाबा. उतरवलेल्या टॉर्टिया एकावर एक रचून झाकू नका. चपातीच्या सवयीने आपला हात आपोआप डब्याकडे जातो. सुती फडक्यावर सुट्या पसरा, तीन-चार तास तशाच ठेवा, रात्रभर ठेवल्या तर आणखी चांगलं. कडा जरा वळायला लागल्या आणि हाताला ओलसर गारवा लागेनासा झाला की कापायच्या. एकीचे सहा किंवा आठ त्रिकोण, प्रत्येकाला काट्याने दोन-तीन टोचे. टोचलं नाही तर पुरीसारखा पोकळ फुगतो आणि वरचा पापुद्रा करपतो.

तेल अगदी थोडं. दोन-तीन टॉर्टियांना मिळून एक चमचा, तोही ब्रशने किंवा तळव्याने दोन्ही बाजूंना पुसल्यासारखा. अजिबात तेल नको म्हणाल तर होतात, पण कोरडे, घशात धरणारे लागतात. मीठ बारीक घ्या आणि तेल ओलं असतानाच भुरभुरवा, नंतर टाकलेलं सगळं डब्याच्या तळाशी सापडतं.

आता ओटीजी. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, १७० अंश, दहा मिनिटं आधी तापवून घ्या. पंख्याचा ओव्हन असेल तर १५० ते १५५ पुरे. छोट्या ओटीजीत ट्रे रॉडच्या फार जवळ येतो, म्हणून मधलाच खण घ्या. ट्रेपेक्षा जाळी चांगली, खालून वाफ निघून जाते. चिप्स एकमेकांना चिकटून नकोत, एका थरात बसतील तेवढेच ठेवा. सात-आठ मिनिटांनी दार उघडा. तोंडावर वाफेचा भपकारा येईल, तो बाहेर जाऊ द्या, कारण बंद पेटीत वाफ कोंडली तर चिप्स वाळणार कसे? उलटा, जाळी फिरवून आतली बाजू बाहेर करा, परत पाच-सात मिनिटं. कडेला हलका बदामी रंग आला की ओव्हन बंद. तोवर मधला भाग किंचित लवत असेल, घाबरू नका. दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवून आतल्या उरलेल्या उष्णतेत दहा मिनिटं राहू द्या. तुमचा चिवटपणा या दहा मिनिटांत जातो. बाहेर काढल्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि मगच एक मोडून बघा, गरम चिप कधीच खरी परीक्षा देत नाही. गार झाल्यावरही लवली तर १५० अंशांवर आणखी पाच मिनिटं.

ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत बराच फरक असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्याच. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाही गडबड होते. २३०च्या जागी २०० व्होल्ट आले तर रॉडची उष्णता पाऊणपटच राहते, तापायला जास्त वेळ लागतो. आणि १५०० वॅटचा ओटीजी साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर लावू नका, १६ अँपिअरचा पॉइंट हवा. मायक्रोवेव्ह असेल तर त्यातला कन्व्हेक्शनचा पर्याय वापरा. नुसत्या मायक्रोवेव्हवर एखाद-दुसरी चिप वाळते, पण रंग आणि भाजल्याचा वास येत नाही.

दुसऱ्या दिवशी मऊ पडण्याचं म्हणाल, तर एक तर ते आतून पूर्ण वाळलेले नव्हते किंवा कोमट असतानाच डब्यात गेले. कोमट चिप्सची वाफ झाकणाला लागते आणि परत खाली उतरते. पावसाळ्यात साताऱ्याची हवा अशी दमट की उघड्या ताटलीतले चिप्स गप्पा मारता मारता नरम होतात. आमच्या सांगलीला पाऊस तुमच्यापेक्षा कमी, पण श्रावणात आम्हीही भडंगाचा डबा उघडा टाकत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, लागतील तेवढे काढून लगेच बंद करा. तरीही नरमले तर १५० अंशांवर चार-पाच मिनिटं आणि परत गार. हा उपाय दोनदा-तीनदा चालतो, त्यापुढे तेलाला खवट वास यायला लागतो.

तिखट भाजण्याआधी लावू नका. मिरची आणि लसूण दोन्ही करपून कडू होतात. चिप्स बाहेर आल्या-आल्या, तेल अजून चकाकतंय तोवर वर्षाच्या साठवणीतली कांदा-लसणाची चटणी चिमूटभर भुरभुरवा. आंबट हवं तर आमचूर, लिंबू पिळलं की सगळी मेहनत पाण्यात. डिपसाठी अवोकॅडो शोधत फिरायची गरज नाही. टोमॅटो गॅसवर साल काळी पडेपर्यंत भाजा, सोला, हाताने चुरगळा, त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि इथे मात्र लिंबू सढळ हाताने. नाहीतर चक्क्यात खरडा कालवा. आमच्या घरी हा टोमॅटोचा साल्सा उरतो, खरड्याचं भांडं चाटून पुसून जातं.

आणि पाहुणे आज संध्याकाळीच येणार असतील, तर हे सगळं सोडा. सकाळच्या उरलेल्या चपात्या कापा, टोचा, तेलाचा हात लावा आणि १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवा. गव्हाच्या असल्याने चव खाकऱ्याच्या जवळ जाईल, पण साल्साबरोबर कुणी तक्रार करत नाही. फक्त तूप लावलेल्या मऊसूत चपात्या घेऊ नका, कोरड्याच घ्या.