जगाच्या प्रभावात मंडळी विश्वासू कशी राहील?

आजूबाजूच्या जगाचा रेटा असताना ख्रिस्ती मंडळीने विश्वासू कसं राहावं, या प्रश्नाची बहुतेक उत्तरं सिनेमा, कपडे आणि मोबाइलपाशी थांबतात. मला जास्त भीती वाटते ती सत्तेची. जर्मनीचं उदाहरण घ्या.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि तिथल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीसमर्थक गटाने जोर धरला. ज्यू वंशाचे पाळक काढा, जुना करार बाजूला ठेवा, अशा मागण्या झाल्या. उपासना आणि गीतं मात्र नेहमीसारखीच चालू होती.

याविरुद्ध मे १९३४ मध्ये वुपर्टालमधल्या बार्मेन इथे लूथरन, रिफॉर्म्ड आणि युनायटेड या प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले. मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी लिहिलेल्या त्यांच्या जाहीरनाम्यात सहा मुद्दे होते. पहिल्याचा आशय असा: येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द, ऐकायचं आणि पाळायचं ते त्याचंच. हे म्हणायला तेव्हा मोठं धैर्य लागलं. पण ज्यूंच्या छळाबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं, आणि ते मला फार बोचतं. शिकवण शुद्ध राखूनही शेजाऱ्यासाठी तोंड उघडलं नाही, तर विश्वासूपणा अपुराच.

म्हणून आपल्या मंडळीत आधी हे पाहा: लग्न जुळवताना जात विचारली जाते का? मंडळीच्या निवडणुकीत पैसा फिरतो का? पाळकांनी यावर स्पष्ट उपदेश करावा, आणि प्रभुभोजनाला बसण्याआधी मंडळीने यावर उघडपणे बोलावं.