'नॅनो युरिया'ला 'सूक्ष्म युरिया' म्हणावे का?

जिंतूर तालुक्यातून विचारणा आली आहे : कृषी सेवा केंद्राच्या फलकावर 'नॅनो युरिया' (बाटलीत मिळणारे, नत्र देणारे द्रवरूप खत) असे न लिहिता 'सूक्ष्म युरिया' लिहिले तर चालेल का, आणि 'नॅनो'ला मराठी शब्द कोणता?

'सूक्ष्म' लिहू नये. हा शब्द शेतीत आधीच गुंतलेला आहे. 'सूक्ष्म सिंचन' म्हणजे ठिबक-तुषार. 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' म्हणजे जस्त, लोह, बोरॉन वगैरे. तिथे 'सूक्ष्म' हे पिकाला लागणाऱ्या प्रमाणाला म्हटले आहे, कणाच्या आकाराला नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या रानात सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते. असा शेतकरी 'सूक्ष्म' वाचून ही बाटली घेऊन गेला, तर फवारणी होईल नत्राची आणि पीक पिवळे ते पिवळेच राहील.

'नॅनो' ज्यावरून आला त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'बुटका'. मापनात मात्र तो नेमका एक अब्जांश दाखवतो : 1 मीटरचे 100 कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. म्हणून 'अब्जांश तंत्रज्ञान' हा मराठी शब्द मला फार आवडतो. माप त्याच्या पोटातच आहे. 'अतिसूक्ष्म'मध्ये ते हरवते. शिवाय 'अब्ज' म्हणजे पाण्यात जन्मलेले, कमळ. कमळाच्या पानावरून थेंब घरंगळतो तो पानावरच्या मेणाच्या अशाच बारीक ठेवणीमुळे. शब्द घडवताना हे कुणाच्या मनात असेलच असे नाही, पण योग सुंदर आहे.

माप डोळ्यांपुढे आणायचे तर कापसाचा एक तंतू घ्या. त्याची जाडी साधारण 15 मायक्रॉन, म्हणजे 15,000 नॅनोमीटर. 50 नॅनोमीटरचे 300 कण ओळीने मांडले की ती जाडी भरते. इतके बारीक करून मिळते काय? पृष्ठभाग. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच 10 नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर तो 600 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 6 गुंठे होतो! गुणही बदलतात. गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी गुलाबी रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची असते. त्या आकाराला सोने पिवळे दिसतच नाही. 2023चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्यांच्या शोधासाठी मिळाले, त्या क्वांटम डॉट नावाच्या नॅनोकणांचाही रंग आकारावरच ठरतो.

2008 साली जाहीर झालेल्या टाटांच्या 'नॅनो' या छोट्या मोटारीमुळे 'नॅनो' म्हणजे 'छोटे' हा अर्थ आपल्या बोलण्यात रुळला, आणि तिथून 'छोटी बाटली, मोठी ताकद' असा समज झाला. नावातला 'नॅनो' कणाचा आकार सांगतो, जोर नाही. साध्या युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. 4 टक्के नत्र लिहिलेल्या नॅनो युरियाच्या 500 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम. म्हणून पेरणीचा खतडोस या बाटलीच्या भरवशावर सोडू नये. ही उभ्या पिकाच्या पानांवर फवारायची वस्तू आहे : बाटली आधी नीट हलवून लिटरला 2 ते 4 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 ते 60 मिली, आणि तीही सकाळी किंवा सायंकाळी. भर उन्हात थेंब पानावरच वाळतात.

तेव्हा फलकावर 'नॅनो युरिया'च ठेवा आणि खाली 'पानांवर फवारण्यासाठी' एवढे लिहा. 'नॅ' असाच लिहावा. 'नैनो' हे हिंदी वळण आहे. पाठ्यपुस्तकात, लेखात, व्याख्यानात 'अब्जांश' खुशाल वापरा : अब्जांश कण, अब्जांश तंत्रज्ञान. एककाचे नाव मात्र नॅनोमीटरच.