वाचकांचे प्रश्न : जुन्या विमानाला आधी छप्पर की रंग?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर आमच्या गावात एक निवृत्त जेट विमान कित्येक वर्षे उघड्यावर उभे आहे. जमलेल्या पैशांत एकतर त्याला नवा रंग देता येईल, नाहीतर वर साधे छप्पर घालता येईल. आधी काय करावे?

उत्तर : छप्पर. किनाऱ्यावरचे विमान कुजते ते सांध्यांतून. दोन पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेटने जोडलेले असतात, त्या फटीत खारे पाणी शिरते आणि लवकर सुकत नाही. ॲल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा खूप जास्त जागा घेतो, म्हणून रिव्हेटांच्या मधला पत्रा फुगतो. तळहात फिरवला की हा उंचवटा लागतो. रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली, तर आत बरेच नुकसान झालेले आहे असे समजा. त्यावर रंग चढवला की मीठ आत कोंडले जाते आणि वरून दिसेनासे होते, हे अधिक वाईट. चाकांच्या हबमध्ये बहुधा मॅग्नेशियमचा मिश्रधातू असतो. त्यात पोलादी बोल्ट आणि वर ओल, असे जुळले की मॅग्नेशियम झपाट्याने खाल्ले जाते. तपासणी तिथूनच सुरू करा.

छप्पर झाल्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. उघड्यावर असताना पाऊस निदान वरच्या अंगाचे मीठ धुऊन नेतो. भिंती नसलेल्या छपराखाली वारा मीठ आणतच राहतो, ते धुणारा पाऊस मात्र थांबलेला असतो. म्हणून समुद्र जवळ असेल तर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने विमान धुवा, पोटाकडची बाजू आणि चाकांची कोनाडी आधी. पाण्याचा दाब नळाचा असावा. प्रेशर वॉशर पाणी थेट सांध्यांत घुसवतो. पोटाखालची निचऱ्याची भोके मऊ प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा, कारण ती बुजली की धडात पाणी साचते. पूर्ण सुकल्यावर सांध्यांवर आणि बिजागऱ्यांवर लॅनोलिनचा पातळ फवारा द्या. मेंढीच्या लोकरीतून निघणारे हे मेण ऑस्ट्रेलियात सहज मिळते. कॉकपिटच्या ॲक्रिलिकवर आणि टायरवर मात्र ते उडू देऊ नका.

छपराचा पत्रा उघडा ठेवू नका. रात्री तो थंड होतो आणि पहाटे त्याखालचे दव विमानावर ठिबकते. पत्र्याखाली फॉइल लावलेले इन्सुलेशन घातले की हे टळते. छप्पर होईपर्यंत ताडपत्री गुंडाळून ठेवायचा मोह होईल, तो टाळा. ती आतली ओल अडवते आणि वाऱ्याने घासून रंग खरवडते. विमानाचे वजन टायरवर न ठेवता जॅकच्या नेमून दिलेल्या जागांवर पक्क्या स्टँडवर घ्या.

पुढे रंगाचे पैसे जमले, तर जुने बोधचिन्ह आणि क्रमांक मोजून, फोटो काढून नोंदवा. एखाद्या पॅनेलवरचा मूळ रंग तसाच राखा. जुन्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असते. ते विषारी आहे, त्यामुळे कोरडे घासणे नको आणि वाळूचा मारा तर मुळीच नको.

प्रश्न : मोठ्या विमानासाठी हँगर बांधताना मापे कशी धरावीत?

उत्तर : पंखांचा विस्तार ही फक्त सुरुवात. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकास्टर बॉम्बरचा विस्तार सुमारे ३१ मीटर आहे. दाराला दोन्ही बाजूंनी किमान एकेक मीटर मोकळे धरा आणि ट्रॅक्टर आणि विमान ओढायचा दांडा (टो-बार) यांसह वळायला लागणारी जागा जमिनीवर खडूने आखून बघा. शेपटीची उंची टायर पूर्ण भरलेले असताना आणि विमान जॅकवर उचललेले असताना मोजा. कागदावरच्या उंचीवर भिस्त ठेवून बांधलेल्या दारात शेपूट अडकते. जमिनीचे काँक्रीट सरासरी वजनावर आखू नका, प्रत्येक चाकाखाली आणि जॅकखाली पडणारा भार स्वतंत्र काढा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर वादळी वाऱ्याचा विभाग कोणता, ते अभियंत्याकडून पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या. पोलादाचा खर्च तिथेच ठरतो.

उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनच्या विमान संग्रहालयाने बी-५२ बॉम्बर सामावेल अशी इमारत उभारली. त्या विमानाचा विस्तार ५६ मीटरहून अधिक आहे. क्वीन्सलँडच्या अंतर्भागातल्या लाँगरीचला क्वांटास फाउंडर्स म्युझियमने बोइंग ७४७, ७०७, सुपर कॉन्स्टेलेशन आणि डीसी-३ यांवर भिंती न बांधता एकच प्रचंड छत घातले. तिथली हवा कोरडी आहे आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर, म्हणून तो निर्णय योग्य ठरतो. तेच छत किनाऱ्यावर उचलून ठेवले तर पुरणार नाही.

प्रश्न : कॉकपिटमधली जुनी घड्याळे साफ करायला उघडली तर चालेल का? काटे आता चमकत नाहीत.

उत्तर : उघडू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक उपकरणांच्या तबकड्यांवर रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा रंग आहे. चमक गेली ती त्यातला झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे. रेडियमचा किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला सुमारे १,६०० वर्षे लागतात, म्हणून तो जवळजवळ तसाच आहे. काच निघाली की रंगाची भुकटी हातावर आणि श्वासात जाते. सुटी उपकरणे बंद कपाटात न कोंडता हवेशीर जागी, खूण करून ठेवा आणि राज्याच्या किरणोत्सर्ग नियामकाला विचारून मापन करून घ्या. जेट असेल तर इजेक्शन सीटची (वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) आणि कॅनॉपीची (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) काडतुसे निष्क्रिय केल्याचे कागद हातात आल्याशिवाय कुणालाही आत बसवू नका.

ॲस्बेस्टॉस हा दुसरा प्रश्न. तो ब्रेकच्या लायनिंगमध्ये, गॅस्केटमध्ये, उष्णतारोधक पडद्यांत असू शकतो. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून त्यावर पूर्ण बंदी आहे, आयातीवरही. म्हणून परदेशातून सुटे भाग मागवण्याआधी ते ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याची तपासणी करून घ्या. २०१० मध्ये निवृत्त झालेल्या ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या एफ-१११ लढाऊ-बॉम्बर विमानांपैकी २३ सांगाडे २०११ मध्ये क्वीन्सलँडमधल्या स्वॉनबँकच्या कचराभूमीत पुरले गेले, त्यामागे ॲस्बेस्टॉस हे एक कारण होते. काही संग्रहालयांना मिळाली, ही त्यातली समाधानाची बाब.

प्रश्न : विमानाचा सांगाडा परदेशी संग्राहकाला विकता येईल का?

उत्तर : विकणे आणि देशाबाहेर नेणे वेगळे. ऑस्ट्रेलियाच्या १९८६ च्या जंगम सांस्कृतिक वारसा संरक्षण कायद्याखाली महत्त्वाच्या वस्तूंना निर्यात परवाना लागतो. करार करण्याआधी अर्ज करा.

प्रश्न : आमच्याकडे कापडी पंखांचे छोटे विमान आहे. हँगर पक्का आहे, तरी कापड ठिसूळ का होते?

उत्तर : उजेडामुळे. अतिनील किरण तागाचे आणि सुती कापड आतून तोडतात. खिडक्यांवर अतिनील रोखणारी फिल्म लावा, कापडावर ५० लक्सच्या (उजेड मोजण्याचे एकक) आसपासच उजेड ठेवा आणि प्रेक्षक नसताना दिवे बंद करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर असावी, कारण ती वरखाली झाली की लाकूड हलते, सरस सुटतो. कापड ताणून घट्ट करणारा जुना नायट्रेट डोप (एक प्रकारचा लेप) अतिशय ज्वालाग्राही असतो, म्हणून जवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग अजिबात नाही. १९१९ मध्ये इंग्लंडहून डार्विनला पोचलेले रॉस आणि कीथ स्मिथ या भावांचे व्हिकर्स व्हिमी विमान १९५७ मध्ये रस्त्याने ॲडलेडला नेताना आगीत सापडले आणि त्याचे मोठे नुकसान झाले. त्यामुळे असे विमान हलवायचे असेल तर अग्निशामक साधने आणि सतत लक्ष ठेवणारा माणूस मागच्या गाडीत हवाच.