पोनोस म्हणजे नुसती वेदना नव्हे

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या 'अपोनिया'ला, म्हणजे शरीराला 'पोनोस' नसण्याच्या सुखाला, मराठीत 'वेदनाशून्यता' म्हटलेलं चालेल का, असा प्रश्न आलाय. नाही चालणार. आणि एपिक्युरस म्हणजे 'खा, प्या, मजा करा' हेही एकदाचं बंद करा. पाणी-भाकरीवर राहणारा माणूस तो. चैन म्हणून मित्राकडे मागायचा ते काय, तर थोडं चीज!

'वेदना' हा शब्द 'विद्' धातूचा, मूळ अर्थ जाणीव. बौद्धांकडे सुखाचीही वेदना असते. मग वेदनाशून्य म्हणजे ज्याची जाणीवच गेली तो. सायरेनी या दुसऱ्या ग्रीक सुखवादी पंथाचे लोक एपिक्युरसला नेमकं हेच टोचत: तुझं सुख म्हणजे झोपलेल्या माणसाची अवस्था. भाषांतरातच त्याला हरवायचं का?

आता गंमत बघा. 'अपोनिया'तला 'अ' आपल्या नकारार्थी 'अ'चा सख्खा भाऊ. 'पोनोस' म्हणजे राबणंही आणि दुखणंही. त्याच घरातली 'पेनिया' म्हणजे गरिबी. 'पोनेरोस' म्हणजे आधी कष्टाने पिचलेला, पुढे चक्क दुष्ट. गरिबाला बदमाश ठरवायची खोड जुनीच दिसते. आणि मराठीत याला तंतोतंत जोड आहे: कष्ट! 'कष्टाची भाकरी'त श्रम, 'मनातून कष्टी झाली' यात दुःख. हिंदीतलं 'कष्ट' श्रमाकडे एवढं झुकलेलं नाही.

रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोला हे पटलं नसतं. इ.स.पू. ४५ मध्ये तो ग्रीकांना हिणवतो: शब्दसंपत्तीचा एवढा तोरा, आणि श्रम नि वेदना यांना शब्द एकच? रोमन सेनापती मारियुसच्या पायाच्या शिरा उपचारासाठी कापल्या ती वेदना, भर उन्हात त्याने फौज नेली ते श्रम. उदाहरण झकास, तक्रार फुसकी. कारण लगेच पुढे तोच सांगतो की श्रमांमुळे वेदनेवर जणू घट्टा चढतो. अहो, मग नातं आहेच की! घट्टे पडलेल्या हाताला विचारा, राबणं कुठे संपलं आणि दुखणं कुठे सुरू झालं.

ग्रीक तत्त्वज्ञ अँटिस्थेनिस तर अचाट कष्ट उपसणाऱ्या पुराणवीर हेराक्लिसचा दाखला देऊन पोनोस चांगलाच म्हणायचा. तिथे 'वेदना चांगली' लिहून बघा, वेडगळ वाटतं. 'कष्ट चांगले' लिहा, कुणीही शेतकरी मान डोलावेल.

हां, अपोनिया. ती शरीराची, मनासाठी एपिक्युरसकडे 'अताराक्सिया', म्हणजे मनाची शांतता, वेगळी आहे. 'देहाला कष्ट नसणे' लिहा. कुणी त्याचा अर्थ आळस असा लावला, तर तळटीप द्या.